कॉर्व्हेअर, वळण आणि एक पोलादी दांडा

१/ ऑक्टोबर १९५९ मध्ये शेवरोलेची ‘कॉर्व्हेअर’ अमेरिकेच्या बाजारात आली. इंजिन मागे, ते थंड ठेवण्यासाठी पाण्याऐवजी हवा आणि चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. डेट्रॉइटच्या अवजड गाड्यांच्या गर्दीत ती उठून दिसे. सहा वर्षांनी मात्र तिचे नाव एका गाजलेल्या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात आरोपी म्हणून आले. आरोपाच्या मुळाशी होती मागच्या चाकांची एक बिजागरी.

२/ वेगात वळण घेताना गाडीने रस्ता सोडू नये यासाठी काय करावे? चटकन सुचणारे उत्तर म्हणजे गाडी बुटकी करणे. गुरुत्वमध्य खाली आला की गाडी कमी कलंडते. शर्यतीच्या गाड्या म्हणूनच जमिनीलगत असतात. पण घरगुती गाडीत माणसे बसतात, सामान भरले जाते, खड्डे लागतात. उंची फार घटवली तर स्प्रिंगला दबायला जागाच उरत नाही. ऐन वळणात सस्पेन्शन तळाला टेकले, तर त्या चाकावर एकदम भार येतो आणि पकड सुटते. म्हणून अभियंत्यांपुढचा खरा प्रश्न होता तो उंची फारशी न घटवता वळण सुधारण्याचा.

३/ कॉर्व्हेअरच्या मागच्या चाकांना ‘स्विंग अ‍ॅक्सल’ होता. ही कल्पना जुनी. ऑस्ट्रियन अभियंता एडमंड रुम्पलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच तिचे पेटंट घेतले होते. पुढे टाट्रा, फोक्सवॅगन बीटल, मर्सिडीज अशा अनेक गाड्यांनी ती स्वीकारली. रचना सोपी आणि स्वस्त होती. गाडीच्या मध्यभागी, डिफरन्शियलपाशी, दोन बाजूंना दोन सांधे. प्रत्येक सांध्यावर अर्धा अ‍ॅक्सल दाराच्या फळीसारखा वरखाली झुलतो. चाक त्या अर्ध्या अ‍ॅक्सलला पक्के जोडलेले असते. म्हणून अ‍ॅक्सल झुलला की चाकही तेवढेच तिरपे होते.

४/ सरळ रस्त्यावर हे खपून जाते. जोरदार वळणात मात्र रस्ता बाहेरच्या चाकाला आतल्या दिशेने रेटतो आणि तो रेटा जमिनीपेक्षा बऱ्याच उंचीवर असलेल्या सांध्यापर्यंत पोहोचतो. परिणामी गाडीची मागची बाजू जॅक लावल्यासारखी वर उचलली जाते. चाकाचा तळ आत, गाडीच्या पोटाखाली ओढला जातो आणि टायर केवळ बाहेरच्या कडेवर टेकतो. पकड सुटली की शेपूट बाहेर फिरते. घाबरलेल्या चालकाने अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, तर भार पुढे सरकतो, मागची बाजू आणखी हलकी होते आणि संकट वाढते.

५/ कॉर्व्हेअरमध्ये या दोषाला वजनाची जोड मिळाली. सहा सिलिंडरांचे इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे असल्याने गाडीचे साठ टक्क्यांहून अधिक वजन मागच्या चाकांवर होते. कंपनीने यावर उपाय शोधला तो टायरमधील हवेच्या दाबात: पुढे १५ पाउंड, मागे २६. पुढच्या टायरांत हवा कमी असली की ते वळणात आधी घसरू लागतात आणि मागच्यांना सावरायला अवकाश मिळतो. तर्क बिनचूक होता. पण चारही टायरांत सारखी हवा भरण्याची लोकांची सवय या तर्कावर मात करणारी होती. चालकाची सुरक्षितता एका अशा आकड्यावर अवलंबून राहिली, जो बहुतेकांच्या ध्यानातही नसे.

६/ ज्ञानाची उणीव होती काय? मुळीच नाही. जनरल मोटर्समध्येच मॉरिस ओली नावाचे अभियंते होते. रोल्स-रॉइसमधून आलेल्या या गृहस्थांनी १९३०च्या दशकात सस्पेन्शनचा पद्धतशीर अभ्यास केला. वळणात पुढची चाके आधी घसरतात की मागची, हा भेद शास्त्रशुद्ध रीतीने मांडणाऱ्या पहिल्या लोकांत त्यांची गणना होते. स्विंग अ‍ॅक्सलमुळे मागची बाजू उचलली जाण्याचा धोकाही त्यांनी १९५०च्या दशकात स्पष्टपणे नोंदवला होता.

७/ उपायही उपलब्ध होते. पहिला उपाय: गाडी खाली आणण्याऐवजी सांधा खाली आणणे. १९५४च्या मर्सिडीज ३०० एसएल या पंखासारखी दारे असलेल्या गाडीला जुन्या पद्धतीचा स्विंग अ‍ॅक्सल होता आणि निष्काळजी चालकाला ती क्षमा करत नसे. १९५७ मध्ये तिची रोडस्टर आवृत्ती आली, तेव्हा दोन उंच सांध्यांच्या जागी मध्यभागी, बऱ्याच खाली, एकच सांधा बसवला गेला. रस्त्याचा रेटा जमिनीजवळच्या बिंदूतून जाऊ लागला, म्हणून मागची बाजू उचलण्याचे त्याचे बळ घटले. गाडीचा तोल बदलला तो तिच्या पोटातल्या एका सांध्यामुळे.

८/ दुसरा उपाय: पुढे अँटी-रोल बार. हा एक पोलादी दांडा. त्याची दोन टोके दोन बाजूंच्या चाकांच्या सस्पेन्शनला जोडलेली असतात. दोन्ही चाके एकदम वर गेली तर तो नुसता फिरतो, प्रवासाचा आराम बिघडवत नाही. गाडी कलंडू लागली की मात्र तो पिळला जातो आणि कलंडण्याला विरोध करतो. तो पुढे बसवला की कलंडण्याचा अधिक भार पुढचे बाहेरचे चाक उचलते आणि मागच्या चाकांवरचा ताण कमी होतो. गाडी तितकीच उंच राहते. वळणात आधी कोणती चाके घसरणार, ते मात्र बदलते.

९/ तिसरा उपाय कॅलिफोर्नियातील ‘एम्पी’ या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीने लोकप्रिय केला: कॅम्बर कॉम्पेन्सेटर. आडवी लवचीक पाट्याची स्प्रिंग मध्यभागी गिअरबॉक्सखाली खिळवायची आणि तिची टोके दोन्ही अर्ध्या अ‍ॅक्सलांखाली टेकवायची. दोन्ही चाके एकाच वेळी पोटाखाली वळू लागली की ही स्प्रिंग त्यांना वर रेटते. बीटलच्या मालकांनी तो आधी वापरला, पुढे कॉर्व्हेअरच्या मालकांसाठीही तो तयार झाला. गाडीची मागची बाजू थोडी खाली आणून चाके आधीच उलट्या बाजूला तिरपी करण्याची युक्तीही हौशी मंडळी वापरत. पण तिची किंमत स्प्रिंगच्या हालचालीतून मोजावी लागे.

१०/ मग कंपनीने काय केले? १९६२ मध्ये तिने कडक स्प्रिंगा, पुढचा अँटी-रोल बार आणि मागची चाके फार खाली लोंबकळू नयेत म्हणून पट्टे असा संच देऊ केला. तो जादा पैसे मोजून मागवावा लागे. तो मागवणारा माणूस बहुधा वेगाचा शौकीन, गाडीची नस जाणणारा. ज्याला बिजागरी म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते आणि म्हणून ज्याला हा दांडा सर्वाधिक हवा होता, तो साध्या गाडीतच घरी जाई.

११/ जनरल मोटर्सचे माजी अधिकारी जॉन डिलोरियन यांच्या कथनावर आधारित पुस्तक १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील हकीकतीनुसार, शेवरोलेचे नवे प्रमुख बंकी नुडसेन यांनी हा बार प्रत्येक कॉर्व्हेअरला बसवण्याची मागणी केली. वरिष्ठांनी खर्चाचे कारण देऊन ती फेटाळली. खर्च होता गाडीमागे सुमारे १५ डॉलर. नुडसेन यांनी राजीनाम्याची भाषा केली, तेव्हा कुठे मंजुरी मिळाली.

१२/ १९६४च्या मॉडेलमध्ये पुढचा अँटी-रोल बार आणि मागची आडवी पाट्याची स्प्रिंग या दोन्ही गोष्टी सर्व गाड्यांना मिळाल्या. शोरूममध्ये उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला या बदलाची चाहूलही लागत नसे. १९६५च्या मॉडेलने तर स्विंग अ‍ॅक्सलच निकाली काढला. आता प्रत्येक अर्ध्या अ‍ॅक्सलला दोन सांधे होते, एक आत आणि एक चाकापाशी. त्यामुळे अ‍ॅक्सल झुलला तरी चाक बरेचसे उभेच राही.

१३/ आणि नेमक्या त्याच वर्षी, नोव्हेंबर १९६५ मध्ये, राल्फ नेडर या तरुण वकिलाचे ‘अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड’ हे पुस्तक आले. दोष दुरुस्त झाला होता, पण १९६० ते १९६३ मधील गाड्या रस्त्यावर धावतच होत्या. जनरल मोटर्सने नेडर यांच्यामागे खासगी गुप्तहेर लावले. ते उघडकीस आल्यावर मार्च १९६६ मध्ये कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या उपसमितीपुढे जाहीर माफी मागावी लागली. सप्टेंबर १९६६ मध्ये अमेरिकेत वाहनसुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला.

१४/ कथेला आणखी एक वळण आहे. १९७२ मध्ये अमेरिकी सरकारच्या वाहतूक सुरक्षा संस्थेने चाचण्यांअंती निष्कर्ष काढला: १९६० ते १९६३च्या कॉर्व्हेअरमध्ये ताबा सुटण्याची वा उलटण्याची शक्यता तिच्या काळातील तत्सम गाड्यांपेक्षा अधिक नव्हती. नेडर यांनी तो अमान्य केला. कॉर्व्हेअरपुरता हा दिलासा होता. पण ‘इतरांइतकीच’ असणे आणि सुरक्षित असणे यांत अंतर असते. अमेरिकेच्या बाजारात बीटलनेही अखेर स्विंग अ‍ॅक्सल सोडलाच. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या १९६९च्या बीटलला दुहेरी सांध्यांचे मागचे सस्पेन्शन आले.

१५/ त्याच १९६९ मध्ये कॉर्व्हेअरचे उत्पादन थांबले. आज कोणी आपली गाडी फारशी खाली न आणता वळणासाठी सुधारतो, तेव्हा जाड अँटी-रोल बार, चांगले शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि चाकांचा योग्य कोन हेच त्याचे मुख्य मार्ग असतात. कॉर्व्हेअरच्या काळीही ही विद्या अभियंत्यांच्या हाती होती. वाद होता तो एवढाच, की पोलादी दांडा हौशी गिऱ्हाइकाने विकत घ्यावा, की कारखान्यानेच प्रत्येक गाडीला बसवावा. १९६४ पर्यंतच्या चार वर्षांत कॉर्व्हेअर घेणाऱ्या लाखो कुटुंबांपैकी बहुतेकांना असा काही वाद चालू आहे, हेही ठाऊक नव्हते.