गॅमा-स्फोट आणि त्यांची मावळती प्रभा

इतिहासाच्या अभ्यासकास एक गोष्ट लवकरच कळून येते, ती ही कीं, जुना कागद हातीं आला एवढ्यानें भागत नाहीं. त्यावर मिति असावी लागते, स्थळ असावें लागतें, आणि तो कोणीं कोणास लिहिला हें समजावें लागतें. यांतील एक जरी अंग तुटलें असलें तरी कागद अस्सल असूनहि वर्षानुवर्षें दप्तरांत पडून राहतो. ज्योतिषशास्त्रांत असाच एक प्रसंग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत घडला. आकाशांतून निरोपांमागून निरोप येत होते. त्यांची तारीख ठाऊक होती, वेळ सेकंदाच्या अंशापर्यंत टिपलेली होती. नव्हतें तें फक्त गांवाचें नांव. तें नांव वाचावयास तीस वर्षें लागलीं. आम्ही पदार्थविज्ञानाचे पंडित नव्हों. आमचें आयुष्य इतिहास शिकविण्यांत गेलें. तथापि पुराव्याचा असा वाद कोणत्याहि शास्त्रांतला असला तरी तो आम्हांस आपलाच वाटतो, म्हणून ही हकीकत वाचकांपुढें मांडीत आहों.

तिचा आरंभ ज्योतिषाच्या वेधशाळेंत नसून राजकारणांत आहे. १९६३ च्या ऑगस्टांत अमेरिका, ब्रिटन व सोव्हिएट रशिया यांनीं मॉस्को येथें करार केला कीं, वातावरणांत, पाण्याखालीं अथवा अंतराळांत अणुबाँबची चांचणी करावयाची नाहीं. करार झाला, पण विश्वास बसला नाहीं. प्रतिपक्ष चंद्राच्या आडोशाला जाऊन चोरून स्फोट करील, अशी शंका अमेरिकन मुत्सद्यांस होती. आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत त्यांनीं 'वेला' नांवाच्या उपग्रहांची पहिली जोडी वर पाठविली. पहारा देणें या अर्थाच्या स्पॅनिश शब्दावरून हें नांव पडलें आहे. हे उपग्रह पृथ्वीपासून एक लक्ष किलोमीटरहून अधिक उंचीवर, एकमेकांच्या समोरासमोर राहून फिरत, म्हणजे कोणताहि कोपरा नजरेआड राहूं नये. अणुस्फोटांतून क्ष-किरणांहूनहि तीव्र असे गॅमा-किरण बाहेर पडतात; ते टिपण्याचीं यंत्रें या पहारेकऱ्यांवर होतीं, आणि तीं ज्या लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेनें सिद्ध केलीं, तिच्यांतच पहिला अणुबाँब जन्मास आला होता.

२ जुलै १९६७ रोजीं या यंत्रांवर एक नोंद झाली. ती त्या वेळीं कोणाच्या लक्षांत आली नाहीं. १९६९ च्या मार्चांत रे क्लिबसाडेल व रॉय ओल्सन हे दोघे जुन्या नोंदींचे कागद एकमेकांशीं ताडून पाहात असतां त्यांच्या ती दृष्टीस पडली. अणुस्फोटाचा आलेख एकदम उसळतो आणि उतरत जातो. या आलेखास दोन शिखरें होतीं. त्या दिवशीं सूर्यावरहि कांहीं विशेष उत्पात नव्हता. परंतु उपग्रहांवरील घड्याळें पुरेशीं सूक्ष्म नसल्यामुळें किरण कोणत्या दिशेनें आले हें सांगतां येईना. नोंद बाजूस ठेवण्यांत आली. आमच्या मतें या हकीकतींतील पहिला खरा गुण हा आहे: तिचा अर्थ लागत नव्हता म्हणून ती फेंकून दिली गेली नाहीं. ज्यांनीं रद्दीच्या दुकानांतून ऐतिहासिक पत्रें परत मिळविल्याच्या कथा ऐकल्या आहेत, त्यांस याचें मोल सांगावयास नको.

पुढें १९६९ व १९७० मध्यें चढविलेल्या नव्या वेलांवरील घड्याळें अधिक चोख होतीं. प्रकाश एका सेकंदांत तीन लक्ष किलोमीटर धांवतो, आणि समोरासमोरच्या दोन उपग्रहांत दोन लक्ष किलोमीटरांहून अधिक अंतर असूं शकतें. अर्थात् एकच झोत दोघांवर पोंचण्यांत अर्ध्यापाऊण सेकंदाचा फरक पडतो. त्या फरकावरून दिशेचा अंदाज बांधतां येतो. तसा तो बांधला तेव्हां असें ठरलें कीं, झोत पृथ्वीवरून येत नाहीं, सूर्याकडूनहि नाहीं. जुलै १९६९ ते जुलै १९७२ या तीन वर्षांतील असे सोळा प्रसंग क्लिबसाडेल, इयन स्ट्राँग व ओल्सन यांनीं जून १९७३ मध्यें प्रसिद्ध केले. त्याच वर्षीं थॉमस क्लाइन व उपेंद्र देसाई यांनीं दुसऱ्या एका उपग्रहाच्या नोंदींवरून त्यांस दुजोरा दिला. आणि १९७४ त खुद्द रशियन शास्त्रज्ञांनीं आपल्या 'कॉसमॉस ४६१' वरील नोंदींतून. ज्यांच्यावर पाळत ठेवावयाची त्यांनींच पाळतीच्या फलाची ग्वाही द्यावी, हा योग विरळा!

येथें एका लोकप्रिय दंतकथेचा समाचार घेतला पाहिजे. अमेरिकन लष्करानें हा शोध सहा वर्षें गुप्त दडवून ठेवला, असें पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें आढळतें. ती कथा चटकदार आहे. पण या नोंदी गुप्ततेच्या शिक्क्याखालीं कधींच नव्हत्या, असें क्लिबसाडेल यांनीं स्वतः पुढें लिहून ठेविलें आहे. विलंब झाला तो पुरावा अपुरा असल्यामुळें. दडपलेल्या सत्याची गोष्ट वाचकांस आवडते, अपुऱ्या घड्याळाची आवडत नाहीं; म्हणून पहिली टिकते. बखरींतूनहि असेंच झालेलें आपण पाहतों.

स्फोट खरे ठरले, पण ते कोठें होतात? अंधाऱ्या रात्रीं माळावर दिवा दिसला, तर तो हातभर अंतरावरचा काजवा आहे कीं कोसभर दूरची होळी आहे, हें नुसत्या उजेडावरून समजत नाहीं. अंतर कळेपर्यंत त्या दिव्याच्या सामर्थ्याविषयीं बोलणें व्यर्थ. तरीहि विद्वान् लोक गप्प बसले नाहींत. वीस वर्षांत शंभरांहून अधिक उपपत्ति निघाल्या. बहुतेकांचा कल असा कीं, आपल्याच आकाशगंगेंतील न्यूट्रॉन ताऱ्यांवर हे स्फोट होत असावेत. पोलिश वंशाचे व प्रिन्स्टन येथें अध्यापन करणारे बोहदान पाचिन्स्की यांनीं १९८६ त याच्या उलट मत मांडलें: हे स्फोट आपल्या आकाशगंगेच्या बाहेर, विश्वाच्या दूरच्या टोकांस होतात. त्यांच्या बाजूस फारच थोडे लोक होते.

१९९१ च्या एप्रिलांत 'कॉम्प्टन' वेधशाळा अंतराळांत गेली. तिच्या आठ कोपऱ्यांवर बसविलेल्या यंत्रांनीं सरासरीनें रोज एक, असे नऊ वर्षांत २७०४ स्फोट टिपले. ते आकाशाच्या गोलावर मांडले तेव्हां एक विलक्षण गोष्ट दिसली: ते सर्वत्र सारखे पसरलेले होते. आकाशगंगेंतले असते तर तिच्या पट्ट्यांत त्यांची दाटी व्हावयास पाहिजे होती. तशी ती लवमात्र नव्हती. प्रतिपक्षानें माघार घेतली, पण शस्त्र ठेविलें नाहीं. आकाशगंगेस वेढणारें एक विशाल प्रभामंडल आहे, त्यांत हे न्यूट्रॉन तारे विखुरले असतील, असें त्यांनीं म्हटलें. हें म्हणणें खोडून काढणें सोपें नव्हतें.

२२ एप्रिल १९९५ रोजीं वॉशिंग्टन येथें पाचिन्स्की व डोनाल्ड लँब यांचा जाहीर वाद झाला. मार्टिन रीस अध्यक्षस्थानीं होते. सभागृह मुद्दाम तेंच निवडलें होतें, जेथें १९२० त शॅप्ली व कर्टिस यांनीं विश्वाच्या विस्तारावर वाद केला होता. पुरावा दोघांपुढें एकच, निष्कर्षांत मात्र लक्षावधि पटींचें अंतर! वाद रंगला, निकाल लागला नाहीं, आणि लागणारहि नव्हता. तर्कानें जेवढें मिळण्यासारखें होतें तेवढें मिळून चुकलें होतें.

अडचण अशी होती कीं, स्फोट कांहीं सेकंदांत संपतो. आणि 'कॉम्प्टन'ला त्याची जागा कळे ती कित्येक अंशांच्या संशयासह. पूर्ण चंद्राचा व्यास अर्धा अंश असतो. तेव्हां दुर्बीण फिरवावी तरी कोठें? या संशयित प्रदेशांत सहस्रावधि तारे व दीर्घिका असत. पाहिजे होता तो स्फोटानंतर मागें रेंगाळणारा एखादा उजेड, आणि तो मावळण्यापूर्वीं जागा अचूक दाखविणारें यंत्र.

तें यंत्र इटली व हॉलंड यांनीं मिळून घडविलें. जुझेप्पे ऊर्फ 'बेप्पो' ओक्यालिनी या पदार्थवैज्ञानिकाच्या स्मरणार्थ त्या उपग्रहास 'बेप्पोसॅक्स' असें नांव दिलें, आणि ३० एप्रिल १९९६ रोजीं तो वर गेला. २८ फेब्रुवारी १९९७ रोजीं, ग्रिनिचच्या वेळेप्रमाणें पहांटे तीन वाजण्याच्या सुमारास, त्याच्या एका यंत्रानें गॅमा-स्फोट टिपला आणि दैवयोगानें त्याच क्षणीं क्ष-किरणांचा विशाल कॅमेराहि त्याच दिशेस रोखलेला होता. संशयाचें क्षेत्र अंशांवरून कलांवर आलें. सुमारें आठ तासांनीं एन्रिको कोस्टा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उपग्रहाच्या अधिक सूक्ष्म दुर्बिणी तिकडे वळविल्या, तों तेथें पूर्वीं नोंद नसलेला क्ष-किरणांचा ठिपका! तीन दिवसांनीं पुन्हां पाहिला तेव्हां तो पुष्कळच मंद झाला होता.

इकडे ॲम्स्टरडॅम येथें यान फान पाराडाइस यांच्या हाताखालीं टायटस गलामा व पॉल ग्रूट हे दोन तरुण संशोधक काम करीत होते. जागेची वर्दी येतांच ला पाल्मा बेटावरील हर्शेल दुर्बिणीनें त्या भागाचें चित्र घेतलें गेलें. स्फोटास त्या वेळीं सुमारें एकवीस तास झाले होते. ८ मार्च रोजीं तेथलेंच दुसरें चित्र घेण्यांत आलें. दोन्ही शेजारीं ठेवलीं तों पहिल्यांत असलेला एक बारीकसा तारा दुसऱ्यांत नाहीं! इतिहासांत ज्यास अस्सल साधन म्हणतात तें हें. तीस वर्षांच्या वादाचें उत्तर दोन चित्रांतील एका ठिपक्याच्या फरकांत होतें.

या मावळत्या उजेडास आम्ही 'अनुप्रभा' म्हणूं. ती कां असावी हें पीटर मेसारोश व रीस यांनीं त्याच सुमारास गणितानें मांडलें होतें. स्फोटांतून जवळ जवळ प्रकाशाच्या वेगानें बाहेर पडणारा द्रव्याचा झोत सभोंवतालच्या विरळ वायूवर आदळतो. त्या आघातांत सांपडलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रांत गरगरत प्रकाश सोडतात. झोत जसजसा मंदावतो तसतसा प्रकाशहि उतरतो, प्रथम क्ष-किरण, मग दृश्य प्रकाश, मग रेडिओ-लहरी. उतरण्याचा ठोकळ नियम असा कीं, काळ दसपट झाला म्हणजे तेज दहाव्या हिश्श्यावर येतें. एका तासानें जें सहज दिसलें असतें तें दुसऱ्या दिवशीं मोठ्या दुर्बिणीवांचून दिसत नाहीं. म्हणून या शास्त्रांत जागरणास व निरोपाच्या त्वरेस जेवढी किंमत आहे तेवढी क्वचितच अन्यत्र असेल.

पहिल्या अनुप्रभेनें जागा दाखविली. गांवाचें नांव दुसरीनें सांगितलें. ८ मे १९९७ च्या स्फोटानंतर मार्क मेट्झगर प्रभृति संशोधकांनीं हवाई बेटावरील केक दुर्बिणीनें अनुप्रभेचा वर्णपट घेतला. त्यांत लोह व मॅग्नेशियम यांच्या काळ्या रेषा तांबड्या टोकाकडे सरकलेल्या होत्या; मध्यें पसरलेल्या वायूचा हा शिक्का होता. हिशेबानें ठरलें कीं, हा प्रकाश निदान सात अब्ज वर्षें प्रवास करून आला आहे. प्रभामंडलाची कल्पना तेथेंच संपली, पाचिन्स्की यांचा एकाकी पक्ष खरा ठरला. त्याच वर्षाच्या १४ डिसेंबरच्या स्फोटाचें अंतर याहूनहि फार मोठें निघालें. तो निबंध १९९८ त प्रसिद्ध करणाऱ्या मंडळींचे अग्रणी श्रीनिवास कुलकर्णी हे होत; त्यांचा जन्म आपल्या कोल्हापूर जिल्ह्यांतील कुरुंदवाडचा, आणि बाळपण हुबळीस गेलेलें. याच क्षेत्रांतील कार्यासाठीं त्यांस २०२४ सालीं शॉ पारितोषिक मिळालें.

या अंतरांबरोबर शक्तीचे आंकडे इतके फुगले कीं, सर्व विश्वाएवढें तेज एका बिंदूंत, असें म्हणावयाची पाळी आली. त्यांवर उतारा अनुप्रभेनेंच दिला. १९९९ च्या कांहीं अनुप्रभा एका ठराविक दिवसानंतर एकदम अधिक झपाट्यानें उतरूं लागल्या. यावरून झोत चहूंकडे फेंकलेला नसून मशालीच्या उजेडाप्रमाणें अरुंद असतो, हें कळलें. आंकडे शेंकडों पटींनीं खालीं आले. याचा दुसरा अर्थ असा कीं, ज्याचा झोत आपल्याकडे रोखलेला नाहीं असे असंख्य स्फोट आपणांस दिसतच नाहींत. २००३ च्या मार्चांतील एका अनुप्रभेच्या वर्णपटांत, ती उतरत असतां, अतिनवताऱ्याचीं लक्षणें स्पष्ट उमटलीं. तेव्हां दीर्घ स्फोट म्हणजे प्रचंड ताऱ्याच्या मृत्यूचा सोहळा, हें निश्चित झालें.

२००४ त गेलेल्या 'स्विफ्ट' उपग्रहानें स्फोटानंतर एकदोन मिनिटांतच स्वतः वळून पाहण्याची सोय केली. १९ मार्च २००८ च्या स्फोटाचा प्रकाश तर साडेसात अब्ज वर्षांच्या प्रवासानंतरहि अर्धें मिनिट नुसत्या डोळ्यांनीं दिसण्याजोगा होता. आपल्याकडे त्या वेळीं दुपारचे पावणेबारा वाजत आले होते. ज्या देशांत रात्र होती तेथेंहि तो कोणा मनुष्यानें पाहिल्याची खात्रीलायक नोंद आमच्या वाचनांत नाहीं. पाहिला तो यंत्रांनीं.

राहिले दोन सेकंदांहून अल्प असे स्फोट. त्यांची जात निराळी. १७ ऑगस्ट २०१७ रोजीं दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याच्या गुरुत्वीय लहरी पृथ्वीवर पोंचल्या, आणि पाठोपाठ १.७ सेकंदांनीं एक दुबळा गॅमा-स्फोट नोंदला गेला. हें स्थळ अवघें तेरा कोटी प्रकाशवर्षें दूर होतें. पहिल्या कांहीं दिवसांत तेथें जो उजेड दिसला तो नव्यानें घडलेल्या जड मूलद्रव्यांचा होता. अनुप्रभेचा पत्ता नव्हता. क्ष-किरणांत ती नवव्या दिवशीं आढळली, रेडिओ-लहरींत सोळाव्या. जुन्नर तालुक्यांत, शिवनेरीहून फार दूर नाहीं अशा खोडद गांवीं, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जी रेडिओ-दुर्बीण उभी आहे, तिनेंहि या अनुप्रभेचा दीर्घ लहरींत माग काढला. आणि येथें नेहमींचा क्रम उलटा दिसला. ही प्रभा मावळेना. आठवड्यांमागून आठवडे वाढतच गेली. झोत आपल्या बाजूस रोखलेला नव्हता, तिरपा होता. तो मंदावून पसरूं लागला तेव्हां कोठें त्याचा प्रकाश आपल्या वांट्यास येऊं लागला. सुमारें पांच महिन्यांनीं ती शिगेस पोंचली, आणि मग इतर सर्वांप्रमाणें उतरणीस लागली.