होळकर संघ : इंदूरने कमावलेला आणि गमावलेला

लहान शहराच्या संघाने महानगरांना वर्षानुवर्षे तुल्यबळ झुंज दिल्याचे भारतीय क्रिकेटमधील सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे इंदूरचा होळकर संघ. रणजी करंडक स्पर्धेत हा संघ १९४१-४२ ते १९५४-५५ असे चौदा हंगाम खेळला. त्यांपैकी दहा हंगामांत त्याने अंतिम फेरी गाठली आणि चार वेळा करंडक जिंकला. त्यानंतर हा संघ त्याच्या नावासह इतिहासजमा झाला. फुटबॉलचे नामांकित क्लब राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडताना पाहिलेल्या गोमंतकीय वाचकांना हा इतिहास परका वाटणार नाही. लहान शहरे व लहान राज्ये आपले व्यावसायिक संघ टिकवू शकतात का, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्यात सापडते.

राजाश्रयातून संघबांधणी

संघाची पायाभरणी रणजी स्पर्धा सुरू होण्याच्याही आधीची आहे. नागपूरचे सी. के. नायडू यांना तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी १९२३ मध्ये इंदूरला बोलावून संस्थानच्या सैन्यात अधिकारपद दिले. पुढे यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्या कारकिर्दीत हे धोरण विस्तारले. खेळाडूला संस्थानात नोकरी द्यायची, निर्वाहाची चिंता मिटवायची आणि त्याच्याकडून क्रिकेट खेळून घ्यायचे, अशी ही पद्धत होती. ‘व्यावसायिक’ हा शब्द त्या काळी कोणी उच्चारत नसे. हुद्दा सैन्यातला असे आणि काम मैदानावरचे.

अशा रीतीने मूळचे इंदूरचे मुश्ताक अली, सागरचे चंदू सरवटे, नागपूरचे हिरालाल गायकवाड, कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर आणि माधवसिंह जगदाळे अशी मंडळी एका संघात आली. मराठी घराण्याचे राज्य असल्याने महाराष्ट्रातील व मध्य प्रांतातील खेळाडूंना इंदूर परके वाटत नव्हते. आग्रा-मुंबई रस्त्याने महाराष्ट्रातून इंदूरकडे जाताना आधी मानपूर लागते आणि त्यापुढे महूची लष्करी छावणी. दुसऱ्या महायुद्धात याच महूमध्ये नेमणुकीवर असलेले इंग्लंडचे विख्यात फलंदाज डेनिस कॉम्प्टन हेही होळकर संघाकडून खेळले.

मैदानावरील कामगिरी

१९४४-४५ च्या अंतिम सामन्यात मुंबईने होळकर संघाला ३७४ धावांनी हरवले. मात्र पराभूत संघाने शेवटच्या डावात ४९२ धावा केल्या होत्या आणि कॉम्प्टन २४९ धावांवर नाबाद राहिले होते. चार डावांत मिळून त्या सामन्यात २,०७८ धावा निघाल्या. पुढच्याच हंगामात म्हैसूरविरुद्ध होळकर संघाने ८ बाद ९१२ धावांचा डोंगर उभा केला. त्या डावात सहा फलंदाजांनी शतके झळकावली. त्याच हंगामाच्या अंतिम सामन्यात पन्नाशी गाठलेल्या नायडूंनी बडोद्याविरुद्ध द्विशतक ठोकले आणि इंदूरला पहिला करंडक मिळाला. त्यानंतर १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ या हंगामांतही संघ विजेता ठरला. त्या वेळी इंदूरची लोकसंख्या जेमतेम दोन लाखांच्या घरात होती, हे लक्षात घेतले म्हणजे या यशाचे मोल कळते.

संघ का टिकला नाही?

२८ मे १९४८ रोजी इंदूर व ग्वाल्हेरसह अनेक संस्थाने मिळून मध्य भारत हे राज्य अस्तित्वात आले. संस्थानचा खजिना व सैन्य नव्या राज्याकडे गेले आणि महाराजांकडे तनखा उरला. तरीही संघ लगेच मोडला नाही. विलीनीकरणानंतर तो आणखी सात हंगाम होळकर नावानेच खेळला आणि चारपैकी दोन करंडक त्याने याच काळात जिंकले. याचा अर्थ असा, की आधीच्या दोन दशकांत केलेली गुंतवणूक काही वर्षे पुरली. तिची भरपाई करणारी नवी व्यवस्था मात्र उभी राहिली नाही.

नायडू १९५३-५४ मध्ये नवोदित आंध्र संघाकडे गेले. इतर खेळाडूंचे वय वाढत होते. नोकरीच्या आधाराने खेळाडूंना सामावून घेण्याचे काम सेनादल आणि पुढे रेल्वे यांसारख्या अखिल भारतीय संस्थांकडे गेले. १९५४-५५ च्या अंतिम सामन्यात मद्रासने होळकर संघाला इंदुरातच ४६ धावांनी पराभूत केले. पुढील हंगामापासून संघ ‘मध्य भारत’ म्हणून उतरला आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर मध्य प्रदेशच्या संघात मिसळून गेला. या प्रदेशाला पुन्हा रणजी करंडक मिळण्यासाठी जून २०२२ उजाडावा लागला. बंगळुरूत मध्य प्रदेशाने मुंबईला सहा गडी राखून हरवले, तेव्हा संघाचे प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित. १९९८-९९ मध्ये त्यांच्याच नेतृत्वाखाली मध्य प्रदेशाने अंतिम सामना गमावला होता.

स्टेडियम आले, संघ आला नाही

आज इंदुरात आंतरराष्ट्रीय दर्जाचे होळकर स्टेडियम आहे. २०११ मध्ये वीरेंद्र सेहवागने एकदिवसीय सामन्यात २१९ धावा तेथेच केल्या आणि २०१६ मध्ये तेथे कसोटी सामनाही झाला. आयपीएलचे सामने मात्र इंदूरला उसनवारीने मिळाले. २०११ मध्ये कोची टस्कर्स केरळ संघाने काही सामने येथे खेळले; त्या एकाच हंगामानंतर तो संघ बरखास्त झाला. २०१७ व २०१८ मध्ये पंजाबच्या संघाने इंदूरला दुसरे घरचे मैदान मानले आणि नंतर तोही परतला. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मध्य प्रदेश लीगमध्ये इंदूरच्या नावाचा संघ आहे. पण त्या स्पर्धेचे सामने ग्वाल्हेरला झाले.

फ्रँचायझी पद्धतीत संघाचा हक्क मालकाकडे असतो आणि शहराचे नाव कराराने जोडलेले असते. मालकाला तोटा झाला, करार फिसकटला किंवा मोठी बाजारपेठ खुणावू लागली, की संघ हलतो. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. हैदराबादचा संघ २०२१-२२ मध्ये इंडियन सुपर लीगचा विजेता ठरूनही २०२५ मध्ये दिल्लीला गेला. विजेतेपददेखील संघाला शहरात रोखून धरू शकत नाही, हे यावरून दिसते. याउलट राज्य संघटनेचा रणजी संघ विकता येत नाही, हलवता येत नाही; शिवाय दूरचित्रवाणी हक्कांच्या उत्पन्नातून क्रिकेट नियामक मंडळाकडून संघटनेला वाटा मिळतो. मध्य प्रदेशाला तेवीस वर्षे वाट पाहणे परवडले, ते या स्थैर्यामुळे.

गोव्याचा अनुभव

इंदूरला जे संस्थानने दिले, ते गोव्याच्या फुटबॉलला उद्योगसमूहांनी दिले. २००७-०८ ते २०१२-१३ अशी सलग सहा वर्षे आय-लीगचे विजेतेपद गोव्यातच राहिले : धेंपो तीनदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा आणि साळगावकर एकदा. अवघ्या काही वर्षांत चित्र पालटले. इंडियन सुपर लीगला सर्वोच्च स्थान देण्याच्या प्रस्तावाचा निषेध म्हणून २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीगमधून माघार घेतली. धेंपो संघ २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये परतला, हे समाधानाचे.

आज राज्याची राष्ट्रीय पातळीवरील ओळख मुख्यत्वे २०१४ मध्ये स्थापन झालेल्या एफसी गोवावर उभी आहे. २०१९-२० च्या साखळीत अव्वल स्थान आणि २०२१ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान, ही त्याची कमाई. परंतु २०२५-२६ चा हंगाम महासंघ व आयोजक यांच्यातील कराराच्या तिढ्यामुळे वेळेवर सुरूच होऊ शकला नाही, तेव्हा या क्लबचेही भवितव्य गोव्याबाहेरील निर्णयांवर अवलंबून असल्याचे उघड झाले.

टिकलेली उदाहरणे

अमेरिकेतील ग्रीन बे हे सुमारे लाखभर वस्तीचे शहर. तेथील पॅकर्स हा संघ १९२३ पासून नागरिकांच्या भागभांडवलावर चालतो. भागधारकांना लाभांश मिळत नाही आणि संघ दुसरीकडे नेण्याचा अधिकार कोणा एका धनिकाच्या हाती नाही. लीगच्या प्रक्षेपण उत्पन्नाची समान वाटणी होत असल्याने महानगरांच्या संघांशी त्याला स्पर्धा करता येते. आपल्या जवळचे उदाहरण कोल्हापूरचे. पाटाकडील, खंडोबा, शिवाजी, बालगोपाल, दिलबहार हे फुटबॉल संघ पेठांच्या आणि तालमींच्या आधाराने पिढ्यान्‌पिढ्या उभे आहेत. त्यांचा पैसा थोडा. पण छत्रपती शाहू स्टेडियम भरवणारा प्रेक्षक त्यांचा स्वतःचा आहे आणि तो संघाला पेठेबाहेर जाऊ देणार नाही.

या उदाहरणांवरून तीन गोष्टी निश्चित सांगता येतात. एकाच आश्रयदात्यावर उभा असलेला संघ त्या आश्रयाबरोबर संपतो. मध्यवर्ती उत्पन्नाची न्याय्य वाटणी नसेल, तर लहान शहर फार काळ स्पर्धेत राहू शकत नाही. आणि संघाच्या मालकीत गावाचा वाटा नसेल, तर संघ जाताना गावाला विचारले जात नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्वरीच्या मैदानावर स्नेहल कवठणकर (नाबाद ३१४) आणि कश्यप बखले (नाबाद ३००) यांनी अरुणाचल प्रदेशविरुद्ध ६०६ धावांची अभेद्य भागीदारी रचली. रणजी स्पर्धेतील ती सर्वांत मोठी भागीदारी ठरली. असे खेळाडू घडवण्याची क्षमता लहान राज्यात आहे, याविषयी शंका नाही. त्यांना खेळण्यासाठी कायमचा संघ देणारी व्यवस्था गोव्यातील फुटबॉल क्लब, संघटना आणि शासन मिळून कशी उभारतात, यावर पुढील दहा वर्षांचे चित्र ठरेल.