नातलग-संगोपनातील सामाजिक आधाराचे मापन

मृत्यू, आजार, व्यसन किंवा तुरुंगवास यांमुळे आई-वडील मूल सांभाळू शकत नसतील, तेव्हा आजी-आजोबा, मावशी, काका अशा नातलगांनी त्याला वाढवणे म्हणजे नातलग-संगोपन. या नातलगांना कुणाचा आणि किती आधार मिळतो, हे प्रश्नावलीने अजमावण्याचे काम प्रामुख्याने अमेरिकेत झाले. तिथे अशी मुले वीस लाखांहून अधिक असून बहुतेकांची व्यवस्था सरकारी यंत्रणेबाहेर, घरच्या घरी ठरलेली असते.

ग्रेगरी झिमेट व सहकाऱ्यांच्या मापनीत (१९८८) १२ विधाने आहेत. कुटुंब, मित्र आणि एखादी खास जवळची व्यक्ती यांचा आधार उत्तर देणाऱ्याला कितपत जाणवतो, हे ती पाहते. कार्ल डन्स्ट व सहकाऱ्यांची कुटुंब-आधार मापनी (१९८४) अधिक तपशिलात शिरते. आई-वडील, जोडीदार, मित्र, चर्च, डॉक्टर, शाळा अशा १८ ठिकाणांहून मिळालेली मदत किती उपयोगी पडली, ते ती विचारते. अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठात सुझन केली यांनी नातवंडे वाढवणाऱ्या आज्यांच्या अभ्यासात हीच मापनी वापरली. आधार कमी, तिथे आजीचा मानसिक ताण जास्त, असे त्यात दिसले.

मात्र ही मापनी मुळात लहान मुलांच्या आई-वडिलांसाठी रचलेली. साठीतल्या आजीला ‘तुमच्या आई-वडिलांची मदत किती?’ असे विचारले, तर बहुधा ते हयातच नसतात. ‘तुमच्या मुलांची मदत?’ हा प्रश्न तर जिव्हारी लागणारा, कारण नातवंड तिच्या पदरात आले ते अनेकदा त्याच मुलाच्या किंवा मुलीच्या व्यसनापायी. ‘मदत उपलब्ध नाही’ आणि ‘आहे, पण उपयोगाची नाही’ ही उत्तरे म्हणूनच वेगळी वाचावी लागतात. नुसती एकूण बेरीज दिशाभूल करते: दोन आज्यांचे गुण सारखे भरले, तरी एकीला मैत्रिणीचा भक्कम आधार असेल आणि दुसरीला दहा जणांची तोंडदेखली विचारपूस.

महाराष्ट्रात आजोळी वाढणारी मुले नवी नाहीत. राज्याच्या बालसंगोपन योजनेतून नातलगांकडे राहणाऱ्या पात्र मुलांसाठीही दरमहा अनुदान मिळते. पण अनुदान पोचले म्हणजे आधार पोचला, असे नव्हे. आजी आजारी पडली तर मुलाला शाळेत कोण सोडते, हेही गृहभेटीत विचारले गेले पाहिजे.