घरासाठी एसयूव्ही घेताय? आधी माणसं मोजा, मग रस्ता, मग हप्ता

सोयाबीनची रास झाली, पट्टी हातात आली की घरात गाडीचा विषय निघतो. लेकरं म्हणतात उंच गाडी घ्या, म्हातारी माणसं म्हणतात चढायला-उतरायला सोपी घ्या, आणि शोरूमवाला म्हणतो आजच बुक करा, स्कीम संपायली. नांदेड-लातूर भागातल्या शेतकरी, नोकरदार, दुकानदार कुटुंबाचं बजेट ऑन-रोड ८ ते १२ लाख धरलं, तर त्यात बसणाऱ्या गाड्या कोणत्या आणि निवडताना काय बघायचं, याची ही माहिती.

उंच दिसली म्हणजे चिखलात चालली असं नाही

एसयूव्ही नावाखाली दोन जातीच्या गाड्या विकल्या जातात. एक चेसीवरची. बोलेरो आणि बोलेरो निओ यात येतात. खाली वेगळी लोखंडी चेसी, वर बॉडी आणि इंजिनाची ताकद मागच्या चाकांना. खडबडीत रस्ता आणि वजन या गाड्या चांगल्या सोसतात. दुसऱ्या जातीत बॉडी आणि चेसी एकच असते आणि ताकद पुढच्या चाकांना जाते. पंच, नेक्सॉन, ब्रेझा, व्हेन्यू, सोनेट, एक्सयूव्ही थ्रीएक्सओ या सगळ्या अशा. डांबरी रस्त्यावर या गाड्या आरामशीर चालतात, कमी हेलकावतात.

जमिनीपासूनची उंची कंपनीच्या कागदावर बघितली तर नेक्सॉनची २०८ मिलिमीटर, पंचची १८७ आणि बोलेरोची १८० आहे. म्हणजे नुसत्या उंचीवर जाऊ नका. यातली कोणतीही फोर बाय फोर नाही. पावसाळ्यात काळ्या चिकण मातीत दोन्ही जातीच्या गाड्या फसतात. शेतापर्यंत पाणंद रस्ता कच्चाच असेल तर तिथं ट्रॅक्टर किंवा दुचाकीच खरी.

पुराच्या पाण्याचंही तेच. २०० मिलिमीटर म्हणजे फक्त आठ इंच. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात पाण्यानं काय केलं ते आपण बघितलंय. पुलावरून पाणी वाहत असेल तर कितीही उंच गाडी असली तरी घालू नका.

पाच सीटर की सात सीटर?

रोज गाडीत किती जण बसणार ते मोजा. माहूर, तुळजापूरला वर्षातून दोनदा सगळं घर जातं म्हणून सात सीटर घ्यायची गरज नसते. तेवढ्या दिवसांना भाड्याची गाडी स्वस्त पडते. पण आई-वडील, नवरा-बायको, दोन-तीन लेकरं असं घर नेहमीच सोबत निघत असेल तर पाच सीटरमध्ये कोंबून बसणं धोक्याचं आहे.

बोलेरो आणि बोलेरो निओ सात सीटर आहेत, पण मागच्या दोन सीटा आडव्या, समोरासमोर आहेत. सामान ठेवायला ठीक, जवळच्या जवळ बसायला ठीक. लेकरांना तिथं बसवून नांदेड-नागपूर लांब पल्ला करू नका. अर्टिगा एसयूव्ही नाही, पण तिची तिसरी रांग पुढं तोंड करून आहे. सात जणांचं घर आणि रस्ता डांबरी असेल तर तिचा विचार जरूर करा.

चार मीटरचा हिशोब

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. गाडीची लांबी ४ मीटरच्या आत आणि पेट्रोल किंवा सीएनजी इंजिन १२०० सीसीपर्यंत, किंवा डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत असेल तर जीएसटी १८ टक्के. यातली एक अट जरी मोडली तरी ४० टक्के.

पंच, नेक्सॉन, व्हेन्यू, सोनेट, थ्रीएक्सओ, बोलेरो, बोलेरो निओ या १८ टक्क्यांत बसतात. ब्रेझा लांबीनं ४ मीटरच्या आत आहे, पण तिचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून ती ४० टक्क्यांत जाते. अर्टिगाही तशीच. दर बदलल्यावर पंच साधारण साडेपाच लाख, नेक्सॉन सव्वासात लाखांच्या पुढं, बोलेरो आठ लाखांपासून अशा एक्स-शोरूम किमती झाल्या. हे सगळ्यात खालच्या मॉडेलचे आकडे आहेत.

त्यावर आरटीओचा एकरकमी कर येतो. १० लाखांपर्यंतच्या गाडीला महाराष्ट्रात पेट्रोलवर ११ टक्के, डिझेलवर १३ टक्के. म्हणजे ९ लाखांच्या पेट्रोल गाडीला ९९ हजार, डिझेलला १ लाख १७ हजार. शिवाय विमा. ९ लाखांची पेट्रोल गाडी दारात येईपर्यंत साडेदहा लाखांच्या आसपास जाते. म्हणून शोरूममध्ये पहिला प्रश्न ऑन-रोड किमतीचा, आणि तोही लेखी कोटेशन घेऊन.

पेट्रोल, डिझेल की सीएनजी?

समजा पेट्रोल १०५ रुपये आणि गाडी लिटरला १५ किलोमीटर देते. डिझेल ९२ रुपये आणि गाडी १८ देते. पेट्रोलचा खर्च किलोमीटरला ७ रुपये, डिझेलचा ५ रुपये १० पैसे. वाचले १ रुपया ९० पैसे. डिझेल मॉडेल दीड लाखानं महाग असेल तर ते पैसे वसूल व्हायला जवळपास ७९ हजार किलोमीटर लागतात. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याला साडेसहा वर्षं!

दुसरी गोष्ट फार जण सांगत नाहीत. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांना सायलेन्सरच्या बाजूला काजळी अडवणारा फिल्टर असतो. गाव ते शेत, शेत ते गाव अशी दोन-तीन किलोमीटरच गाडी फिरली तर तो फिल्टर चोंदतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. अधूनमधून हायवेवर वीस मिनिटं सलग चालवावी लागते. रोज लांब जाणं असेल तरच डिझेल घ्या.

सीएनजीला खर्च कमी, पण आपल्या जाण्या-येण्याच्या रस्त्यावर पंप आहे का आणि तिथं रांग किती असते, हे आधी दोन-चार वेळा जाऊन बघा. टाकी डिकीची जागा खाते. पंच आणि नेक्सॉनमध्ये दोन छोट्या टाक्या खाली बसवल्यानं थोडी जागा उरते. टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी करावी लागते.

स्टार बघा, सनरूफ नंतर

तुळजापूर-लातूर-अहमदपूर-लोहा-नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग ३६१ मोठा झाला आणि गाड्यांचा वेग वाढला. म्हणून धडक चाचणीचे स्टार बघणं आता गरजेचं आहे. भारत एनकॅप ही आपल्या देशाची चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. नेक्सॉन आणि थ्रीएक्सओला तिच्यात ५ स्टार आहेत. पंचला २०२१ मध्ये ग्लोबल एनकॅपचे ५ स्टार मिळाले. बोलेरो निओला २०२४ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत १ स्टार मिळाला. मजबूत दिसणारी गाडी धडकेत माणसाला वाचवतेच असं नाही, ते यावरून कळतं.

पण स्टार असले तरी बेल्ट लावला तरच एअरबॅगचा उपयोग. मागं बसणाऱ्यांनीही लावायचा. पाच सीटरमध्ये आठ जण बसले तर ५ स्टारचा काही अर्थ राहत नाही.

हप्ता सोयाबीनमध्ये मोजा

७ लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्के व्याज, ५ वर्षं धरली तर हप्ता सुमारे १४ हजार ७०० रुपये आणि व्याज १ लाख ८२ हजार. तेच ७ वर्षं केलं तर हप्ता ११ हजार ४५० च्या आसपास येतो, पण व्याज २ लाख ६१ हजार होतं. हप्ता हलका दिसतो आणि जवळपास ८० हजार जास्त जातात.

पहिल्या हिशोबात वर्षाला १ लाख ७६ हजार भरायचे. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५३२८ रुपये. म्हणजे ३३ क्विंटल सोयाबीन नुसतं हप्त्याला. एकरी साडेसात क्विंटल उतारा धरला तर साधारण साडेचार एकरचं पीक, तेही बियाणं, खत, मजुरी न काढता आणि हमीभाव मिळाला तर. घरात पगार किंवा दुकानाचं महिन्याचं उत्पन्न नसेल तर कर्ज निम्म्यावर आणा, नाहीतर एक-दोन हंगाम थांबा. काही बँका आणि फायनान्स कंपन्या शेतकऱ्याला सहामाही हप्ता देतात, ते विचारा. पीककर्जाच्या पैशातून डाउन पेमेंट भरू नका.

जुनी गाडी घेताना

- परिवहनच्या अ‍ॅपवर नंबर टाकून मालक, विमा आणि फायनान्सचा बोजा बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.
- नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. नुसत्या बाँडवर गाडी घेऊ नका. अपघात झाला तर मूळ मालक आणि तुम्ही दोघंही अडकता.
- देगलूर, बिलोली, उदगीर, निलंगा भागात तेलंगणा-कर्नाटक पासिंगच्या गाड्या स्वस्त मिळतात. त्यांना तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८ लागतो आणि महाराष्ट्राचा कर वेगळा भरावा लागतो. तो धरूनच भाव करा.
- डिझेल गाडीला १० वर्षांची अट दिल्ली परिसरात आहे, आपल्याकडं नाही. आपल्याकडं नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षं वाढते.
- सीटखालचा गालिचा उचला, बेल्ट शेवटपर्यंत ओढा. गाळ किंवा कुबट वास असेल तर गाडी पुरात होती असं समजा.

बुक करण्यापूर्वी

घरातल्या सगळ्यांना बसवून, आपल्याच गावच्या रस्त्यावर चाचणी घ्या. सर्व्हिस सेंटर किती लांब आहे आणि तालुक्याचा मिस्त्री ती गाडी करतो का, ते विचारा. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. दोन ठिकाणी भाव काढा. आणि पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाड्यानं माणसं नेऊन हप्ता काढू असा हिशोब करू नका. अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते, आणि मग गाडीही जाते, हप्ताही राहतो.

लहान घर, डांबरी रस्ता आणि महिन्याला हजार किलोमीटरच्या आत फिरणं असेल तर चार मीटरच्या आतली, जास्त स्टारची पेट्रोल गाडी आपल्या भागात बहुतेकांना पुरते. खडबडीत रस्ता आणि वजन रोजचं असेल तर चेसीवरची घ्या, पण हायवेला वेग आवरून चालवा.