झाडाकडे जाणारी करवत

महाराष्ट्रांतील जुन्या वाड्यांची थोरवी सांगतांना आपण त्यांचे नक्षीदार खांब, महिरपी आणि कडीपाटाचीं छतें यांचें कौतुक करतों. सुताराचें नांवही आदरानें घेतों. परंतु सुताराच्या हातीं फळी येण्यापूर्वीं उभें झाड आडवें व्हावें लागतें, त्याचा ओंडका व्हावा लागतो, आणि त्या ओंडक्याच्या पोटांतून सरळ, सारख्या जाडीची फळी कोणीतरी चिरून काढावी लागते. या चिरणाऱ्याचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. तो लिहूं गेल्यास त्याचें सूत्र एका साध्या प्रश्नांत सांगतां येईल: ओंडका करवतीकडे जातो, कीं करवत ओंडक्याकडे येते? प्रश्न क्षुल्लक दिसतो. परंतु झाडाचें मोल गांवांत राहतें कीं गांवाबाहेर जातें, हें पुष्कळ अंशीं त्याच्या उत्तरावर अवलंबून असतें.

उदाहरणासाठीं पुणें जिल्ह्यांतील मांडवगण फराटा हें गांव घेऊं. शिरूर तालुक्याच्या दक्षिण कडेस, भीमेच्या कांठीं हें वसलेलें आहे; नदी ओलांडली कीं दौंड तालुका लागतो. हा मुलूख काळ्या मातीचा आणि थोड्या पावसाचा. येथें सागाचें रान नाहीं. बांधावर आणि ओढ्याकांठीं बाभूळ, गांवाजवळ कडुनिंब, चिंच, क्वचित् आंब्याचें झाड, एवढीच येथील वृक्षसंपत्ति. घराच्या लांब तुळईस लागणारा साग पश्चिमेकडील डोंगराळ भागांतून यावा, आणि नांगर, कुळव, गाडीचा आंख व चाकाचा तुंबा यांना लागणारी बाभूळ मात्र शिवारांतच मिळावी, अशी देशावरील गांवांची जुनी वांटणी होती. गांवचा सुतार हा बारा बलुतेदारांपैकीं एक. वर्षभर शेतकऱ्याचीं अवजारें दुरुस्त करून सुगीला तो खळ्यावरून आपलें बलुतें नेई. झाड ज्याचें, त्याच्याच शेतांत तें पडे. तेथेंच तासलें जाई, आणि त्याच शेतांत नांगर होऊन पुन्हां उभें राही.

या कलेची परंपरा आपल्याकडे फार प्राचीन आहे. कार्ले येथील चैत्यगृहाच्या पाषाणी छताखालीं सागवानी फासळ्या बसविलेल्या आहेत, आणि सुमारें दोन हजार वर्षें लोटलीं तरी त्या टिकून आहेत. त्याच लेण्यांतील एका लेखांत धेनुकाकट येथील सामि नांवाच्या सुताराचा उल्लेख येतो. वेणुवासाचा पुत्र म्हणून तो आपली ओळख देतो, आणि द्वाराचें काम आपण केल्याचें सांगतो. त्या लेखांत सुतारास 'वढकि' म्हटलें आहे. संस्कृतांतला 'वर्धकि' तो हाच, आणि उत्तरेकडचा 'बढई' त्याचाच वंशज. आपला 'सुतार' हा शब्द मात्र 'सूत्रधारा'पासून आला. गेरूंत बुडविलेलें सूत ओंडक्यावर ताणून सोडलें म्हणजे जी लाल रेघ उमटते, तिच्यावरून करवत चालते. ज्याच्या हातीं तें सूत, तो सुतार. धंद्याचें नांवच त्यांतील मुख्य विद्या सांगतें: कापण्याआधीं रेघ ठरली पाहिजे.

करवत सर्रास होण्यापूर्वीं लांकूड मुख्यतः तासलें जाई. कुऱ्हाडीनें व वांकसानें चारी बाजू तासून एका सोटाचा एक खांब काढावयाचा, म्हणजे उरलेलें लांकूड ढलप्यांच्या रूपानें भुईवर पडलें. फळ्या हव्या असल्या तर हा नाश परवडत नाहीं. म्हणून दोघांनीं ओढावयाची लांब करवत आली. ओंडका खड्ड्यावर आडवा टाकीत किंवा लांकडी घोडीवर तिरका चढवीत. एक मनुष्य वर उभा राही, दुसरा खालीं. वरच्याची नजर सुताच्या रेघेवर. खालच्याच्या डोळ्यांत, कानांत आणि घामेजल्या अंगावर भुसा. दोघांची लय चुकली कीं करवत अडकली, आणि रेघ चुकली कीं फळी एका टोकास जाड व दुसऱ्या टोकास पातळ. काम अत्यंत कष्टाचें खरें. पण त्यांत एक मोठी सोय होती. बारा फूट लांब व दोन फूट व्यासाचा ओला ओंडका सुमारें एक टन भरतो. तो गाडींत घालून नेण्यापेक्षां दोन माणसें खांद्यावर करवत टाकून झाडाकडे जात, आणि परततांना हलक्या फळ्या गाडींतून निघत.

पेशवाईंत पुण्याची वाढ झाली तेव्हां या कामास मोठें तेज आलें. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजीं घातला गेला आणि २२ जानेवारी १७३२ रोजीं त्याची वास्तुशांत झाली. त्याचा साग जुन्नरच्या रानांतून, दगड चिंचवडहून आणि चुना जेजुरीहून आला असें परंपरा सांगते. १८२८ च्या आगींत तें लांकूडकाम नष्ट झालें. उरला तो दगड. वाड्याच्या मापाचा शब्द 'खण' हा, दोन तुळयांमधलें अंतर. म्हणजे घर किती मोठें हें ओंडका किती लांब यावरून ठरे. घराचें माप रान ठरवीत होतें असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

याच्या थोडें आधीं, सुमारें १७१५ सालीं, रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आरमाराच्या प्रकरणीं लांकडाचा विचार आला आहे, आणि तो आजही मननीय आहे. गलबतांस लागणारें सागासारखें लांकूड राज्यांतील रानांतून परवानगीनें तोडावें. आणखी लागेल तें परमुलुखांतून विकत आणावें. परंतु आंबा, फणस यांसारखीं रयतेचीं झाडें तोडूं नयेत, असा त्याचा आशय आहे. कारणही दिलें आहे: हीं झाडें वर्षादोन वर्षांत होत नाहींत, रयतेनें तीं लेंकरांसारखीं वाढविलेलीं असतात. एखादें झाड जीर्ण होऊन निकामी झालें असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊन न्यावें. राज्याची निकड केवढीही मोठी असो, लावणाऱ्याच्या संमतीवांचून करवत लागूं नये, हा तो न्याय होय.

अठराव्या शतकांत मुंबईच्या गोदींत या सागाला नवें गिऱ्हाईक मिळालें. १७३६ सालीं सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्यानें तेथें पिढ्यान् पिढ्या जहाजें बांधलीं. 'मिंडन' हें जहाज १८१० सालीं तेथें पाण्यांत लोटलें गेलें. १८१७ सालीं लोटलेलें 'ट्रिंकोमाली' इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजही तरंगतें आहे. तें पाहावयास जाणाऱ्या किती प्रेक्षकांच्या मनांत येत असेल कीं हें पश्चिम किनाऱ्यावरील रानांतलें लांकूड आहे?

युरोपांत मात्र दरम्यान ओंडका आणि करवत यांचें नातें उलटें झालें होतें. पाणचक्कीवर चालणाऱ्या करवतीचें चित्र तेराव्या शतकांतील व्हिलार द ओनकूर याच्या वहींत आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हॉलंडांत कॉर्नेलिस कॉर्नेलिसझोन यानें पवनचक्कीला करवत जोडली. हातकरवत ओढणाऱ्यांनीं हें संकट ओळखलें होतें. १७६८ च्या मे महिन्यांत लंडनजवळ लाइमहाउस येथील चार्ल्स डिंग्ली याची पवनचक्कीची करवत-गिरणी त्यांच्या जमावानें मोडून टाकली. परंतु गिरण्या थांबल्या नाहींत. पट्टा-करवतीचें पेटंट विल्यम न्यूबेरी यानें १८०८ सालीं घेतलें. पुढें वाफेच्या जोरावर गोल करवती गरगरूं लागल्या. इंजिन जड, पाया पक्का; म्हणून करवत एका जागीं बसली, आणि ओंडक्यानें तिच्या दारीं जावें असा नवा रिवाज पडला.

हा रिवाज आपल्याकडे आगगाडीबरोबर रुजला. १८५८ सालीं लोहमार्ग पुण्यास पोंचला, आणि त्याच वर्षीं पुढें दौंडाच्या बाजूस सरकला. मांडवगणकरांना नदीपलीकडे कांहीं कोसांवर तो दिसूं लागला. रुळांखालीं स्लीपर हवेत; त्यांसाठीं साग कापला गेला, हिमालयांतले देवदार कापले गेले, आणि डांबरी तेल पाजलेलें बाल्टिक समुद्राकडील पाइनही बोटींतून आलें. भागीरथीच्या कांठीं हर्सिल येथें राहणाऱ्या फ्रेडरिक विल्सन नांवाच्या इंग्रजानें देवदाराचे ओंडके नदींत सोडून खालीं मैदानांत आणण्याचा मोठा व्यापार केला, तो याच काळांतला. मुंबई इलाख्यांत १८४७ सालीं डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे पहिले वनसंरक्षक नेमले गेले. १८६५ व १८७८ चे जंगल कायदे मागाहून आले. रान सरकारचें झालें, करवत वखारवाल्याची झाली, आणि शेतकऱ्याच्या हातीं राहिलें तें बांधावरचें झाड. पण तें चिरणारा कोणी राहिला नाहीं. करवत ओढणाऱ्या जोड्या खेड्यांतून हळूहळू दिसेनाशा झाल्या. एकट्यादुकट्या ओंडक्यासाठीं वाहनाचें भाडें परवडत नाहीं. म्हणून जिच्या गाभ्याचे चाकाचे तुंबे झाले असते अशी बाभूळ सरपणाच्या भावानें वजनावर विकली जाऊं लागली. फळीच्या योग्यतेचें लांकूड चुलींत जावें, हें करवत दूर गेल्याचें फळ.

गेल्या कांहीं दशकांत मात्र या इतिहासानें पुन्हां कूस बदलली आहे. १९८२ सालीं अमेरिकेंतील इंडियाना राज्यांत स्थापन झालेल्या 'वूड-मायझर' यासारख्या कंपन्यांनीं फिरती करवत-गिरणी घरोघरीं पोंचविली. दोन समांतर लोखंडी पट्ट्यांवर ओंडका जखडतात. लहान इंजिनावर चालणारी पट्टा-करवत त्याच्या लांबीवरून सरकत जाते. ओंडका हलत नाहीं. वाहनामागें जोडून ती झाडापाशीं नेतां येते. तत्त्व जुन्या जोडीचेंच; खालच्या माणसाची जागा तेवढी इंजिनानें घेतली. शिवाय तिचें पातें फार पातळ असतें. बारा इंच उंचीच्या चौकोनी ओंडक्यांतून एक इंचाच्या फळ्या काढावयाच्या असोत. पाव इंच खाणारी जाड करवत असेल तर नऊ फळ्या निघतात; दीड-दोन मिलिमीटर खाणारें पातें असेल तर अकरा. दोन फळ्यांचा भुसा होत होता, एवढाच त्याचा अर्थ.

नवशिक्यानें ध्यानांत ठेवण्याच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्यांतली एकही गाळून चालत नाहीं. झाड पडतांच ओंडक्यांच्या टोकांस रंग फासावा, नाहींतर तीं उन्हानें तडकतात. सालीवरची माती व खडे झाडून टाकावे. आपल्याकडील बांधावरच्या झाडांत गुरें बांधण्याच्या कड्या, तारा व खिळे रुतलेले असतात; एक खिळा सबंध पात्याचा घात करतो. पहिली सालीसकट फाळ काढल्यावर ओंडका फिरवून एकेक बाजू सपाट करावी, म्हणजे चौकोन तयार होतो. मग फळ्या काढाव्या. अगदीं मधला मगज फळींत येऊं देऊं नये, कारण चीर तेथूनच पडते. शेवटीं फळ्यांची थप्पी सावलींत, मध्यें सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून, वर वजन ठेवून रचावी. दर इंच जाडीस एक वर्ष, हा वाळवणीचा जुना ठोकताळा आहे. पुष्कळांचें काम बिघडतें तें करवतीपाशीं नव्हे, या थप्पीपाशीं.

परदेशी पुस्तकांत हे धडे बहुधा पाइनवर दिलेले असतात. तें मऊ लांकूड नवशिक्यास सोयीचें. त्याची राळ पात्यास चिकटते म्हणून पाण्याची धार धरावी लागते, आणि ओंडके दमटांत पडून राहिले तर त्यांवर निळसर डाग चढतात. महाराष्ट्रांत पाइन उगवत नाहीं. खोक्यांचें 'देवदारी' लांकूड म्हणून तें आपल्या परिचयाचें. १९८१ सालीं उत्तराखंडाच्या डोंगरांत एक हजार मीटरवरील हिरव्या झाडांच्या तोडीस बंदी आली. अलीकडे कांडला बंदरांत न्यूझीलंडचें पाइन उतरतें आणि गांधीधामच्या गिरण्यांत चिरलें जातें. आमच्या बाभळीचे नियम याहून निराळे: ती ओली असतांनाच चिरावी, वाळल्यावर ती पात्यास दाद देत नाहीं, आणि साग तर आपल्या अंगच्या वाळूसारख्या कणांनीं धार बोथट करतो.

परंतु येथें एक इशारा दिला पाहिजे. करवत झाडाच्या जवळ आली कीं काटकसर वाढते, तसा मोहही वाढतो. महाराष्ट्रांत खाजगी जमिनीवरील आंबा, सागासारख्या झाडांची तोड १९६४ च्या कायद्यानें नियंत्रित केली आहे. आणि गोदावर्मन खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ४ मार्च १९९७ च्या आदेशानें महाराष्ट्र व उत्तर प्रदेश येथील विनापरवाना करवत-गिरण्या ताबडतोब बंद करविल्या. चाकें लावलीं म्हणून गिरणी कायद्यांतून सुटते असें कोणी समजूं नये. वनखात्याची परवानगी पहिली, ओंडका नंतर.

भीमेकांठच्या शेतकऱ्यानें वादळानें पडलेल्या किंवा जीर्ण झालेल्या कडुनिंबाच्या फळ्या आपल्याच शिवारांत चिरून घेतल्या, तर त्यांत रानाची हानि नाहीं. उलट तेवढें दुसरें झाड वांचतें. उभ्या, फळत्या झाडास ती लागली तर मात्र तिच्याइतकें घातक हत्यार नाहीं. आज्ञापत्रानें घातलेली अट तीन शतकांपूर्वींची खरी, परंतु ती कोणत्याही यंत्रानें जुनी झालेली नाहीं: झाड कोणीं वाढविलें, त्याची संमति आहे काय, आणि त्याचें मोल त्याला मिळालें काय. हे तीन प्रश्न विचारून मगच सूत ताणावें. रेघ आधीं आणि करवत मागून, हाच या धंद्याचा पहिला नियम आहे.