फुलदाणीच्या आधीची फांदी

जलरंगातले फुलांचे चित्र म्हणजे दिवाणखान्याची शोभा, एवढीच त्याची किंमत आपल्याकडे केली जाते. पण मराठी मुलखात हे चित्र रुजले ते निरीक्षणाच्या गरजेतून. पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेत अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात झाडाफुलांची चित्रे काढून घेतली. ती आज एडिनबरोच्या वनस्पती उद्यानाच्या संग्रहात आहेत. गिब्सन यांचे नाव राहिले, ज्याने कुंचला चालवला त्याचे राहिले नाही, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे. १८५७ साली मुंबईत जे. जे. कलाशाळा सुरू झाली आणि पुढे एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांमुळे समोरची पानाफुलांची फांदी पाहून रंगवण्याचा सराव शाळाशाळांत पोहोचला.

यावर आक्षेप असा की ही सारी मक्षिकास्थाने मक्षिका. साहेबाने लावलेली शिस्त, तिच्यात मुलाचे स्वतःचे काय? हा आक्षेप वजनदार आहे, आणि त्याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. मराठी मुलखातल्याच सेवाग्रामात, नई तालीमच्या शाळेत, नंदलाल बोस यांचे शिष्य देवी प्रसाद १९४४ पासून मुलांना कला शिकवत होते. मुलाच्या आत्मप्रकटीकरणाला त्यांनी शिक्षणात मानाचे स्थान दिले. म्हणून फांदी पाहून काढणे व्यर्थ ठरते का? मला तसे वाटत नाही. तगरीचे फूलच घ्या. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत. कागद कोरा राखायचा आणि भोवतीच्या हिरव्या-करड्या छटांनी पाकळी उजळायची. पाकळी कुठे वळते, सावली कुठे निळसर होते, हे आधी डोळ्यांनी ठरवावे लागते, कारण ओला रंग एकदा पसरला की फारशी दुरुस्ती होत नाही. काय कोरे सोडायचे हा निर्णय ज्याचा त्याचाच असतो. नक्कल करणाऱ्याला तो घेता येत नाही. मनापासून पाहिल्याशिवाय प्रकटीकरणाला तरी आधार कुठला?

तेव्हा असे चित्र समोर आले की फूल हुबेहूब उतरले का, हे आधी विचारू नका. कोरा कागद कुठे राखला आहे ते शोधा. चित्रकाराची खरी पारख तिथे होते.