लव्हबर्ड एकटा ठेवला तर खरंच झुरून मरतो का?

"जोडीच घ्या, एकटा ठेवलात तर झुरून मरेल." लव्हबर्ड घ्यायला दुकानात गेलात तर हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. दोन पक्षी खपवायचा हिशोब त्यात असतोच, पण बोलणं अगदीच निराधारही नाही.

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडे 'लव्हबर्ड' म्हणून विकले जाणारे लांब शेपटीचे, अंगावर बारीक पट्टे असलेले स्वस्तातले पक्षी बहुतेकदा बजरीगर असतात, मूळचे ऑस्ट्रेलियाचे. खरे लव्हबर्ड म्हणजे आफ्रिकेतले आखूड शेपटीचे छोटे पोपट. त्यांच्या 9 प्रजाती आहेत आणि त्यातली एक मादागास्करची. आपण इथे बोलतोय ते या खऱ्या लव्हबर्डबद्दल.

एकटा राहू शकतो?

राहू शकतो, पण एकटेपणात नाही. निसर्गात हे पक्षी थव्याने राहतात आणि जोडीदार एकमेकांची डोक्या-मानेची पिसं साफ करतात, कारण तिथे स्वतःची चोच पोहोचत नाही. एकटा पाळलेला पक्षी माणसालाच जोडीदार मानतो. खांद्यावर बसतो, मान पुढे करून खाजवून मागतो. मात्र त्यासाठी घरात कुणीतरी रोज काही तास द्यायला हवं. सकाळी नऊला कुलूप लागून रात्री आठला उघडणाऱ्या फ्लॅटमध्ये तो सतत ओरडायला लागतो, कधी स्वतःचीच पिसं उपटतो. पिंजऱ्यात आरसा लावणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

मग दुसरा आणून सोडायचा?

इथेच बहुतेकांची फसगत होते. एका पिंजऱ्यातले दोन पक्षी म्हणजे जोडी नव्हे. सर्वाधिक पाळल्या जाणाऱ्या पीच-फेस्ड प्रजातीत नर-मादी सारखेच दिसतात. खात्रीसाठी पिसाची डीएनए चाचणी करावी लागते. मादी आपल्या जागेबाबत जास्त आक्रमक असते. नावात 'लव्ह' असलं तरी हे पक्षी चावून एकमेकांची बोटं तोडतात, कधी जीवही घेतात.

म्हणून नवा पक्षी आधी महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवावा, म्हणजे आजार असेल तर कळतो. मग दोन पिंजरे शेजारी, पण चोची पोहोचणार नाहीत इतक्या अंतरावर. भेट घडवायची ती दोघांनाही नवख्या जागेत, तुमच्या डोळ्यांदेखत. पटलं तर उत्तम. नाहीच पटलं तर दोन पिंजरे कायमचे सांभाळायची तयारी हवी. जोडी जमल्यावर त्यांची तुमच्याशी सलगी थोडी कमी होऊ शकते. माझ्या मते नोकरदार घरासाठी हा सौदा वाईट नाही.

अंड्यांचा प्रश्न मात्र दोन्हीकडे आहे, कारण मादी नराशिवायही अंडी घालते. अंडं अडकलं तर ती पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसते, जोर काढते. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नका, तातडीने पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या. पिल्लं नको असतील तर पिंजऱ्यात घरट्याची पेटी ठेवूच नका.

जोडीतला एक गेला तर?

मागे राहिलेला पक्षी हाका मारत राहतो, खाणं कमी करतो. लोक दुसऱ्याच दिवशी नवा आणतात. त्याआधी याची तपासणी करून घ्या: पहिला ज्या आजाराने गेला, तो यालाही असू शकतो. आजारी पक्षी दुखणं लपवतात, त्यामुळे आपल्याला जे झुरणं वाटतं, तो कदाचित संसर्ग असतो.